विकी : अनेक हातांनीं लिहिलेली वही

गेल्या जून महिन्यांतील गोष्ट. शाळा उघडून चारच दिवस झाले होते. मधल्या सुटींत आठवीच्या वर्गांतील एक मुलगी ग्रंथालयांत आली आणि तिनें विचारलें, “सर, गिरणीच्या भोंग्याविषयीं माहिती कोणत्या पुस्तकांत मिळेल?” ही मुलगी लालबागला राहते. तिचे आजोबा गिरणींत त्रासन खात्यांत कामाला होते. अजूनही घरांतून निघतांना ते “भोंगा झाला, चला” असें म्हणतात; आणि नातीनें तर तो भोंगा जन्मांत ऐकलेला नाहीं.

ग्रंथपालबाईंनीं व आम्हीं मिळून चार पुस्तकें काढलीं. मुंबईंतील पहिली कापडगिरणी कोणी काढली, पुढें गिरण्या कशा वाढल्या, मालक कोण होते, संप केव्हां झाले, हें सर्व त्यांत होतें. परंतु भोंगा दिवसांतून किती वेळां होई, पहिल्या व दुसऱ्या भोंग्यांत अंतर किती असे, आपल्या गिरणीचा भोंगा शेजारच्या गिरणीच्या भोंग्यांतून कामगार कसा ओळखी, यांतील एकही गोष्ट त्या चार पुस्तकांत नव्हती. शेवटीं आम्हीं म्हटलें, “ज्यांत हें लिहिलेलें आहे तो ग्रंथ तुझ्याच घरीं आहे. आजोबांना विचार आणि लिहून काढ.” तिनें लगेच विचारलें, “लिहितें, सर. पण लिहिलेलें ठेवूं कोठें?”

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां आमच्या ग्रंथालयांत एक नवी वही उघडली गेली. त्या वहीचें नांव विकी. ती काय आहे, ग्रंथालयास तिचा उपयोग कोणता, आणि ती वापरतांना कोणती सावधगिरी बाळगावी, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

विकी म्हणजे काय?

‘विकी’ हा शब्द हवाई बेटांतील भाषेंतला असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. होनोलुलू येथील विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या गाडीस ‘विकी विकी’ असें नांव होतें. तें नांव वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञांच्या लक्षांत राहिलें होतें. 1995 सालच्या मार्च महिन्यांत त्यांनीं आंतरजालावर अशीं पानें तयार केलीं, कीं जीं वाचणाऱ्या कोणासही तेथल्या तेथें दुरुस्त करतां यावींत. त्या पानांस त्यांनीं हेंच नांव दिलें.

विद्यार्थ्यांनीं वर्गांतील फळा डोळ्यांपुढें आणावा. फळ्यावर एकानें खडूनें लिहावें, व चूक दिसल्यास दुसऱ्यानें पुसून दुरुस्त करावी. विकीचें पान असेंच आहे. परंतु फळ्यावरचें पुसलें कीं गेलें. विकींत पुसलेलें नाहींसें होत नाहीं. प्रत्येक पानास ‘इतिहास’ नांवाचा एक भाग असतो. कोणी, कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणतें वाक्य घातलें व कोणतें काढलें, याची नोंद त्यांत आपोआप होते. कोणी खोडसाळपणानें पान बिघडविलें तर आधींचें पान क्षणांत परत आणतां येतें. दुसरा भाग ‘चर्चा’. पानांत काय असावें याविषयीं मतभेद झाला, तर तो पानावर खोडाखोड करून न मांडतां या ठिकाणीं मांडावयाचा असतो. तिसरी सोय दुव्यांची. ‘परळ’ या पानांत ‘गिरणी’ हा शब्द आला, तर त्या शब्दावरून ‘गिरणी’ या पानाकडे जातां येतें. तें पान अजून कोणी लिहिलेंच नसेल, तर तो शब्द तांबड्या रंगांत दिसतो. हा तांबडा शब्द आम्हांस फार आवडतो. येथें अजून कांहीं लिहावयाचें राहिलें आहे हें तो उघडपणें सांगतो, आणि ज्याला ठाऊक असेल त्याला बोलावितो.

जुनीं मुळें

एका ग्रंथासाठीं अनेकांनीं श्रम करावे ही गोष्ट मराठी भाषेस नवी नाहीं. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीं मुंबईंत प्रसिद्ध झाला, व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति 1857 सालीं निघाली. कोशास आपण ‘मोल्सवर्थ’ याच नांवानें ओळखतों. परंतु टॉमस व जॉर्ज हे कँडी बंधु, आणि शब्द गोळा करून त्यांचे अर्थ पारखणारे अनेक एतद्देशीय पंडित, यांचेही हात त्या ग्रंथास लागले होते. त्या पंडितांचीं नांवें आज किती जणांस सांगतां येतील?

इंग्लंडांत जेम्स मरे यांनीं 1879 सालीं साऱ्या इंग्रजी वाचकांस आवाहन केलें, कीं आपण जीं पुस्तकें वाचाल त्यांतील शब्दांचे प्रयोग कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरून आमच्याकडे पाठवावे. त्या चिठ्ठ्यांच्या राशींतून ऑक्सफर्डचा मोठा कोश उभा राहिला. तो 1928 सालीं पुरा झाला. मरे तो पाहण्यास उरले नव्हते. आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं लेखक जमवून व वर्गणीदार मिळवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड सिद्धीस नेले. पुढें महाराष्ट्र राज्याच्या आश्रयानें वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम सुरू झालें, व त्याचा पहिला खंड 1976 सालीं बाहेर पडला.

हे सर्व ग्रंथ आमच्या आदरास पात्र आहेत. विकीमुळें त्यांची थोरवी तिळमात्र कमी होत नाहीं. परंतु छापील ग्रंथास एक मर्यादा असते. शेवटचा फर्मा छापून झाला कीं लेखकाचें दार बंद होतें. चूक राहिली तर ती पुढील आवृत्तीपर्यंत राहते, आणि पुढील आवृत्ति निघेलच असें नाहीं. दुसरें असें, कीं ज्यांनीं चिठ्ठ्या पाठविल्या त्यांचीं बहुतेकांचीं नांवें चिठ्ठ्यांबरोबरच विरून जातात. विकींत दार उघडें राहतें, आणि ज्यानें एक काना किंवा मात्रा सुधारली त्याचीही नोंद ‘इतिहासां’त राहते.

सर्वांस ठाऊक असलेला विकी म्हणजे विकिपीडिया हा ज्ञानकोश. इंग्रजी विकिपीडिया 15 जानेवारी 2001 रोजीं सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ 1 मे 2003 रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं झाला. 2011 सालच्या नोव्हेंबरांत भारतांतील विकी-लेखकांची परिषद् मुंबईंतच, विद्यापीठाच्या फोर्ट येथील पदवीदान सभागृहांत भरली होती. शेजारच्या गोव्यांत 2013 सालीं गोवा विद्यापीठानें आपला कोंकणी विश्वकोश सर्वांस मुक्तपणें वापरतां येईल असा खुला केला. विकिपीडियाचे लेखक पगारी नसतात. कोणी शिक्षक, कोणी बँकेंतील कारकून, कोणी महाविद्यालयांतील विद्यार्थी असतो. रात्रीं जेवणानंतरचा एक तास ते या कामास देतात.

ग्रंथालयास उपयोग

डॉक्टर रंगनाथन यांनीं 1931 सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम सांगितले. त्यांतील शेवटच्या नियमाचा आशय असा, कीं ग्रंथालय ही सजीवाप्रमाणें वाढत जाणारी संस्था आहे. कपाटें वाढलीं म्हणजे ग्रंथालय वाढलें असा त्याचा संकुचित अर्थ घेऊं नये. वाचकांचें ज्ञान ग्रंथालयास परत मिळालें, तरच ग्रंथालय खऱ्या अर्थानें वाढलें. विकी हें तें ज्ञान परत करण्याचें साधन आहे. त्याचे चार उपयोग येथें सांगतों.

पहिला उपयोग ग्रंथसूचीचा. सूचीच्या कार्डावर ग्रंथाचें नांव, लेखक, वर्गांक इतकेंच असतें. ड्यूई पद्धतीप्रमाणें 954 हा अंक पाहिला, कीं ग्रंथ भारताच्या इतिहासाचा आहे हें कळतें. परंतु त्यांतील नकाशा फाटला आहे, किंवा तिसरें प्रकरण सहावीच्या मुलासही समजेल, हें कार्ड सांगत नाहीं. तो ग्रंथ वाचलेला विद्यार्थी सांगूं शकतो. शंकर गणेश दाते यांनीं 1800 पासून 1937 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची प्रचंड सूची केली, व पुढच्या भागांत ती 1950 पर्यंत आणली. एका माणसाच्या श्रमाची ती परिसीमा होती. तें काम पुढें चालवावयाचें तर एकट्याचा जन्म पुरा पडणार नाहीं. तेथें अनेक हातच पाहिजेत.

दुसरा उपयोग विषयवार मार्गदर्शनाचा. दरवर्षीं प्रकल्पांच्या दिवसांत ‘मुंबईचीं सात बेटें’ या विषयावर पुस्तक मागण्यासाठीं निदान वीस विद्यार्थी येतात, आणि ग्रंथपालबाई वीस वेळां तेंच उत्तर देतात. आतां त्या विषयाचें एक पान आहे. कोणतें पुस्तक कोठें आहे व कशासाठीं उपयोगी आहे, हें त्यांत लिहिलेलें असून मागील वर्षीच्या मुलांनीं आपला अनुभवही त्याखालीं जोडला आहे.

तिसरा उपयोग खुद्द ग्रंथालयाच्या कारभाराचा. अनेक वर्षें काम केलेला ग्रंथपाल निवृत्त झाला, कीं त्याच्याबरोबर पुष्कळ न लिहिलेलें ज्ञान जातें. पावसाळ्यांत कोणत्या कपाटास ओल येते, कोणत्या मासिकाचे कोणते अंक कधींच मिळाले नाहींत, जुनीं पुस्तकें कोणाकडे बांधावयास द्यावीं, हें नव्या माणसानें कोणाला विचारावें? मेरेडिथ फार्कस या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनीं 2005 सालीं ग्रंथपालांसाठींच एक विकी काढला होता, त्याचा हेतु हाच, कीं एका ग्रंथालयास जें साधलें तें दुसऱ्या ग्रंथालयास फुकट शिकतां यावें.

चौथा उपयोग आपल्या परिसराच्या इतिहासाचा. आणि आमच्या मतें आपल्यासारख्या शाळेस तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गिरगांव, दादर, परळ व लालबाग येथील मुलें आपल्याकडे येतात. जेथें त्यांच्या आजोबांनीं सांचे चालविले, तेथें आज मोठमोठे मनोरे व दुकानें उभीं आहेत. चाळी पाडल्या जात आहेत. चाळ पडते तेव्हां विटांबरोबर नांवेंही पडतात. थोरामोठ्यांचीं चरित्रें छापलीं जातात. परंतु बदली कामगारानें फाटकाशीं उभें राहून कामाची वाट कशी पाहिली, हें कोणी लिहावें? ज्याच्या घरांत तो कामगार होता, त्यानेंच तें लिहावें.

आम्हांस आलेले अनुभव

आमच्या विकीसाठीं फार खर्च आला नाहीं. विकिपीडिया ज्यावर चालतो ती ‘मीडियाविकी’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्याहून लहान व सोपी ‘डोकुविकी’ नांवाची प्रणाली 2004 पासून उपलब्ध आहे. ती पानें साध्या मजकुराच्या रूपांत ठेविते, म्हणून लहान ग्रंथालयास ती सोयीची पडते. आम्हीं तीच घेतली. ती शाळेच्या आवारांतील संगणकांवरच उघडते. बाहेरच्या माणसास दिसत नाहीं.

पहिल्याच महिन्यांत भांडण झालें. ‘मुंबईचा गणेशोत्सव’ या पानावर गिरगांवच्या एका मुलानें लिहिलें, कीं पहिला मान आमच्या गिरगांवचा. लालबागच्या मुलानें तें पुसून लिहिलें, कीं पहिला मान लालबागचा. गिरगांवकरानें तें पुसलें; लालबागकरानें पुन्हां लिहिलें. एका दुपारीं अकरा वेळां ही पुसापुशी झाल्याचें ‘इतिहासां’त दिसलें. आम्हीं दोघांसही शिक्षा केली नाहीं. त्यांस ‘चर्चे’च्या पानावर बसविलें आणि एकच अट घातली : आपलें म्हणणें वर्षासह व आधारासह मांडावें. आठवडाभरांत जें पान तयार झालें त्यांत असें आहे, कीं गिरगांवांतील केशवजी नाईक चाळीचा उत्सव 1893 सालचा. लालबागच्या गणेशगल्लीचा 1928 सालचा. आणि ‘लालबागचा राजा’ 1934 सालचा. एक मुलगा ‘पहिला’ म्हणजे ‘सर्वांत जुना’ असें म्हणत होता व दुसरा ‘पहिला’ म्हणजे ‘सर्वांत मोठा’ असें म्हणत होता. दोघांचें भांडण वस्तुतः एका शब्दाच्या अर्थावरून होतें! मोठमोठ्या माणसांचीं भांडणेंही पुष्कळदां अशींच असतात. ते दोन मुलगे आतां डबा एकत्र खातात.

दुसरा अनुभव आमच्या स्वतःच्या फजितीचा आहे. ‘गिरणी’ या पानावर आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें लिहिलें होतें, कीं मुंबईंतील पहिली कापडगिरणी 1856 सालीं परळ येथें स्थापन झाली. दोन दिवसांनीं पाहतों तों वाक्य बदललेलें! नववींतील एका विद्यार्थ्यानें लिहिलें होतें : कावसजी नानाभाई दावर यांनीं 1854 सालीं कंपनी स्थापन केली, गिरणी ताडदेव येथें होती, ती चालूं लागली 1856 सालीं. खालीं ग्रंथाचें नांव व पृष्ठांकही दिला होता. खरें सांगावयाचें तर आमच्या मनांत प्रथम राग आला. वीस वर्षें शिकविणाऱ्या शिक्षकाचें वाक्य एका विद्यार्थ्यानें न विचारतां पुसावें! संगणकापुढें आम्ही बराच वेळ बसून राहिलों. नंतर ग्रंथ काढून पाहिला. मुलाचें बरोबर होतें. आम्हीं ‘चर्चे’च्या पानावर ‘आभारी आहे’ असे दोन शब्द लिहिले, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्याचें नांव घेऊन ही गोष्ट सांगितली. आमची चूक ‘इतिहासां’त आमच्या नांवासह आजही आहे. ती काढून टाकण्याचा मोह आतां होत नाहीं. चुकलेल्या गुरूस दुरुस्त करूनही गुरु व शिष्य यांचें नातें टिकतें, हें मुलांनीं पाहावें अशी आमची इच्छा आहे.

आतां त्या भोंग्याच्या पानाकडे वळूं. मुलीनें आजोबांकडून ऐकून पान लिहिलें. घरीं घड्याळ नव्हतें; भोंगा हेंच घड्याळ. पहिला भोंगा उठविण्यासाठीं, दुसरा फाटकासाठीं. उशीर झाला कीं आपल्या सांच्यावर बदलीवाला उभा. शेजारच्या बिऱ्हाडांतील एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं सांगितलें, कीं आमच्या गिरणीचे भोंगे दोन नव्हेत, तीन होत. मुलीनें दोन्ही आठवणी लिहून ठेविल्या व कोणती कोणाची हें नोंदविलें. हें तिनें फार शहाणपणानें केलें.

पुढें संपाविषयीं लिहितांना अडचण आली. तिनें एका पुस्तकांतून उतरून घेतलें होतें, कीं 1982 सालचा गिरणीसंप पुढील वर्षीं संपला. पान आजोबांस वाचून दाखविलें, तेव्हां ते म्हणाले, “संपला असें लिहूं नको. मागें घेतला असें कोणी कधीं सांगितलें? माणसें थकलीं, गांवीं गेलीं, कांहीं परत कामावर गेलीं. संपला कसा म्हणतेस?” दुसऱ्या दिवशीं ती रडवेली होऊन आमच्याकडे आली. पुस्तक खरें कीं आजोबा खरे?

आम्हीं तिला सांगितलें, कीं हा प्रश्न फार जुना आहे. लूकानें आपलें शुभवर्तमान लिहितांना आरंभींच सांगितलें आहे, कीं ज्यांनीं स्वतः डोळ्यांनीं पाहिलें त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा नीट शोध करून आपण लिहीत आहों. म्हणजे पाहणाऱ्याची साक्षही पाहिजे, आणि शोधही पाहिजे. एकावांचून दुसरें लंगडें. मग आम्ही शोधास लागलों. 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या त्या संपांत सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि तो रीतसर मागें घेतल्याची घोषणा कधींच झाली नाहीं, हें छापील लेखनांतही सांपडलें. आजोबांचें म्हणणें टिकलें. पानावर आतां दोन्ही गोष्टी आहेत : संप हळूहळू ओसरला ही, आणि तो मागें घेतला गेला नाहीं हीही. एका शब्दाचा फरक. परंतु ज्याचें घर त्या संपांत बसलें त्याला त्या एका शब्दाची किंमत ठाऊक असते.

आठवण आणि प्रमाण

येथें एक भेद नीट समजून घ्यावा. ही आजोबांची आठवण विकिपीडियावर जशीच्या तशी घालतां येणार नाहीं. तेथें प्रत्येक विधानास प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय ग्रंथाचा अथवा वृत्तपत्राचा आधार लागतो. हा नियम योग्यच आहे. नाहींतर जो तो आपल्या मनास येईल तें लिहील. परंतु यामुळें ज्यांच्याविषयीं कोणी कधीं छापलें नाहीं, त्यांस तेथें जागा मिळणें कठीण होतें. त्यावर उपाय एकच : त्यांच्या आठवणी प्रथम दुसरीकडे काळजीपूर्वक नोंदवून ठेवाव्या. नीरा आडारकर व मीना मेनन यांनीं गिरणगांवांतील माणसांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींचा ग्रंथ केला. तो इंग्रजींत 2004 सालीं प्रसिद्ध झाला, व मराठींतही निघाला आहे. काल जी तोंडची आठवण होती ती अशा रीतीनें उद्यांचें प्रमाण होते. ग्रंथालयाचा विकी ही त्या वाटेवरील पहिली पायरी आहे. म्हणून आम्हीं प्रत्येक पानाचे दोन भाग केले आहेत. वरच्या भागांत ग्रंथांच्या आधारें लिहिलेलें ‘प्रमाण’, व खालच्या भागांत कोणी केव्हां सांगितली हें नोंदवून लिहिलेली ‘आठवण’. दोहोंची गल्लत करूं नये.

ग्रंथालयास विकिपीडियाची सेवाही करतां येते. 2016 पासून ‘एक ग्रंथपाल, एक संदर्भ’ या अर्थाची एक चळवळ जगभर चालली आहे. ग्रंथपालानें विकिपीडियावरील एका तरी निराधार विधानास आपल्या कपाटांतील ग्रंथाचा आधार जोडावा, एवढीच तिची मागणी आहे. दादर येथील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून मराठी ग्रंथ जतन करीत आलें आहे. ज्या विधानाचा आधार शाळेंत मिळत नाहीं तो अशा संग्रहांत शोधावा, हें आमच्या वरच्या वर्गांतील मुलें आतां शिकलीं आहेत.

विद्यार्थ्यांसाठीं नियम

आमच्या ग्रंथालयांत विकीवर लिहिणाऱ्यांनीं पुढील गोष्टी पाळावयाच्या आहेत.

आपल्या नांवानेंच लिहावें. आडून लिहिणाऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाहीं. दुसऱ्याचें वाक्य काढण्यापूर्वीं तें कां काढतों हें ‘चर्चे’त लिहावें. मार्गदर्शक पुस्तकांतून किंवा आंतरजालावरून उताऱ्यामागून उतारे आणून चिकटवूं नयेत. ती चोरीच होय, मग पकडली जावो वा न जावो. कोणाचाही पत्ता, दूरध्वनीचा अंक, अथवा परवानगीवांचून छायाचित्र घालूं नये. कोणाच्या घरची दुःखाची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय लिहूं नये. आणि आपली चूक कोणी दाखविली तर त्याचे आभार मानावे.

उतारे चिकटवूं नयेत असें आम्ही म्हणतों, तेव्हां मुलें विचारतात, कीं मग कोणताच जुना ग्रंथ विकीवर ठेवतां येणार नाहीं काय? येतो. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें, लेखक हयात असतांना प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्या लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनीं संपतो, व ग्रंथ सर्वांचा होतो. बाबा पदमनजी 1906 सालीं निवर्तले. त्यांचें ‘यमुनापर्यटन’ 1857 सालचें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें निधन 1919 सालीं झालें. अशांचे ग्रंथ आतां कोणाचीही परवानगी न घेतां टंकून काढतां येतात, आणि त्यासाठीं विकिस्रोत नांवाचें विकीचें एक भावंड आहे, तेथें मराठीचाही स्वतंत्र विभाग आहे. एकानें एक पान टंकावें, दुसऱ्यानें तें मूळ ग्रंथाशीं ताडून तपासावें. सुटींत रोज एक पान टंकलें, तरी एका वर्गाकडून एक लहान ग्रंथ सहज पुरा होईल; आणि शुद्धलेखनाचा याहून चांगला अभ्यास आम्हांस ठाऊक नाहीं.

पालकांस विनंति

पुष्कळ पालक आम्हांस भेटतात तेव्हां म्हणतात, “सर, आम्ही काय शिकलेलों नाहीं, आम्हांला काय विचारतां?” त्यांस आमचें नम्र सांगणें असें, कीं ज्या गोष्टी आम्हांस कोणत्याही पुस्तकांत सांपडल्या नाहींत त्या तुमच्याकडे आहेत. चाळीस तें नांव कां पडलें, पाणी कोणत्या वेळीं येई, भजनी मंडळांत पेटी कोण वाजवी, कोंकणांतून पहिल्यानें आलेला माणूस कोणाच्या खोलींत उतरला, हें आपल्या मुलांस सांगावें. जुनें ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, लग्नपत्रिका घरांत असेल तर ती रद्दींत देण्यापूर्वीं एकदां ग्रंथालयांत दाखवावी. आम्ही तिची प्रत घेऊन मूळ कागद परत करूं.

नाताळापूर्वीं एका शनिवारीं ते आजोबा स्वतः शाळेंत आले होते. ग्रंथालयांत येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. नातीनें संगणकावर पान उघडून दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून तें सावकाश वाचलें, एका ठिकाणीं बोट ठेविलें आणि म्हणाले, “धोटा असा लिहितात होय? बरोबर आहे.” मग त्यांनीं एक तांबडा शब्द पाहून विचारलें, कीं हा एकच शब्द तांबडा कां? नातीनें सांगितलें, कीं तें पान अजून कोणी लिहिलेलें नाहीं.

तो शब्द ‘खानावळ’ हा होता. हा लेख छापावयास देईपर्यंत तो तसाच तांबडा आहे. ज्यांच्या घरीं आजी अथवा पणजी गिरणीकामगारांची खानावळ चालवीत होती, अशा विद्यार्थ्यांनीं मधल्या सुटींत ग्रंथालयांत यावें.